समोरच्या फांतीचं गाणं

१

गुरुवार, दुपारचे पावणेचार. साखळी, बाजारामागच्या गल्लीतलं तळमजल्याचं घर. सत्यवती, वय पंचाहत्तर, डावं अंग लुळं, दोन वर्षांत स्वतःच्या पायांवर एकदाही उभी न राहिलेली, आपल्या खाटेवर नव्हती.

पोलिसांच्या कागदावर 'वृद्ध महिला भ्रमिष्ट अवस्थेत घरातून निघून गेली' असं लिहिलं आहे. निघून गेली! ते वाचल्यावर तिच्या मुलाने, कृष्णनाथने, ठाण्यातल्या टेबलावर हात आपटला. तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस. चौकशी टाळायची असली की असली गुळगुळीत वाक्यं कशी उतरतात हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. जी बाई कुशीवर वळायलासुद्धा सुनेचा हात मागायची, ती निघून कशी जाईल? हा प्रश्न त्या कागदाला पडलेलाच नाही.

पण कागदाचं एक वेळ सोडून देऊ. कृष्णनाथला स्वतःला जे माहीत होतं, ते त्यानेही त्या दिवशी ठाण्यात सांगितलं नाही. फौजदारापुढे सांगावं असं ते नव्हतंच. त्याची सुरुवात एका गाण्यापासून झाली होती.

२

दुपारची जेवणं उरकली की कृष्णनाथ आईच्या डाव्या हाताला तेल चोळायला बसे. खोबरेलाची वाटी, मांडीवर जुना पंचा आणि उशाशी मोबाइलवर गौरेशची गाणी. हा गौरेश डिचोलीकडचा, तिशीतला. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा आणि गिटार घेऊन एकटाच म्हणायचा. खाणवाल्यांशी, मंत्र्यांशी, वेळ आली तर स्वतःच्या संपादकाशी भांडणारा कृष्णनाथ या पोराचं गाणं लागलं की निवायचा.

"मंत्र्यांक सोलून काडतात," सुविधा, त्याची बायको, भांडी आवरताना म्हणायची, "आनी ह्या पोराचें गाणें लागलें की लोणी जातात!"

"तुका कळता काय त्यातलें?"

"कळता मगे. रोज तेंच तें आयकून पाठ जालां म्हाका."

गौरेशचं सर्वांत गाजलेलं गाणं 'पणटी'. त्यात नुसते प्रश्न होते. *आंगणांत पणटी कोणें लायली गे?* मग एक मोकळी जागा. गिटारची एकच खर्जातली तार वाजत राहायची, पाणी भरायला ठेवलेल्या कळशीसारखी. मग पुढचा प्रश्न, विहिरीच्या पाण्याचा: *बांयचें उदक कोणें काडलें गे?* पुन्हा ती मोकळी जागा. 'अनुत्तरित प्रश्नांचं गाणं' असं एका समीक्षकाने लिहिलं होतं. कृष्णनाथनेही आपल्या सदरात त्याची री ओढली होती.

आईची वाचा दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेली होती. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त हुंकार यायचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "नावं सगळ्यात शेवटी परत येतात. एक जरी नाव आलं, तरी वाट मोकळी झाली समजा." कृष्णनाथला दुसरं काही नको होतं. आईने त्याला एकदा 'किश्ना' अशी हाक मारावी, बस. दोन वर्षं तो त्या हाकेची वाट पाहत तेल चोळत होता.

पौष लागला होता. त्या दुपारी 'पणटी' लागलं. गौरेशने पहिला प्रश्न विचारला, तार वाजू लागली, आणि त्या मोकळ्या जागेत खाटेवरून आवाज आला.

*आमी गे लायली, आमी गे हांगा.*

सुरात. लयीत. शब्द चिरेबंदी. जागा जेवढी होती तेवढीच ओळ. जराही कमी नाही, जास्त नाही. कृष्णनाथच्या हातातली वाटी कलंडली. दुसरा प्रश्न आला. आई छताकडे बघत होती.

*आमी गे काडलें, आमी गे हांगा.*

सुविधा ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती. दोघंही रडली. तेल गादीभर पसरलं, त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

३

उपचारवाल्या बाईंना आश्चर्य वाटलं नाही. बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, गाणं दुसऱ्या बाजूला. बोलता न येणारी माणसं आरत्या म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. कृष्णनाथला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

एकच गोष्ट त्याला टोचत राहिली. आरती म्हणणारा माणूस आरती आधी शिकलेला असतो. या गाण्याला उत्तरं नव्हतीच. मग आई काय म्हणत होती?

त्याने गौरेशला फोन लावला.

"त्याला उत्तरं नाहीतच सर," गौरेश म्हणाला. "तीच तर गंमत आहे ना."

"माझी आई देते उत्तरं. चाल तुझीच."

 मग तो म्हणाला, "माझी म्हणजे... धालोतलं आहे ते, सर. कॉलेजात असताना कोरगावला एक आजी भेटली होती. लक्ष्मी नाव. मूळची तुमच्याच बाजूची, फणसगाळची. तिनं दिलं."

"आणि अल्बमवर तिचं नाव?"

"पारंपरिक असं लिहिलंय, सर."

"परंपरेला रेशनकार्ड नसतं, गौरेश. लक्ष्मीला असेल. नाव लिहायला शाई कमी पडली काय?"

"चुकलंच, सर." तो जरा घुटमळला. "तसंही स्टेजवर मी ते म्हणत नाही आता."

"का? लोकांना तर तेच हवं असतं."

"मधल्या जागेत लोक काहीतरी गुणगुणतात. चालतं ते. लोकच ते." मग त्याचा आवाज उतरला. "पण रियाजाच्या खोलीत लोक नसतात ना, सर."

"म्हणजे काय?"

फोन बंद झाला होता. पोराला लाज वाटली असेल, असं कृष्णनाथने ठरवून टाकलं.

फणसगाळ म्हणजे त्याचा स्वतःचा जन्मवाडा, तो जन्मला ती वस्ती. तो शाळेत असताना खाणीचा डंप, टाकाऊ मातीचा डोंगर, वाड्यावर सरकत आला. आधी तळी गेली, मग बागायत, मग पौषात बायका धालो, म्हणजे गाणी म्हणत नाचायचा खेळ, खेळायच्या ते अंगण, तो मांड. त्या वर्षी खेळ अर्ध्यावर असताना यंत्रं वर आली होती, एवढं त्याला आठवत होतं. घरं हलली, माणसं पांगली. कोणाला शिक्षा झाली नाही. कोणी माफीही मागितली नाही.

४

पुढच्या आठवड्यात आई रोज गात होती. कृष्णनाथ ते मोबाइलवर टिपून ठेवायचा, उपचारवाल्या बाईंना ऐकवायला. एकदा रात्रीच्या जेवणाआधी त्याने कानात बोंडं घालून ते ऐकलं. गौरेशचा प्रश्न. तार. मग उत्तर. आईच्या आवाजाखाली आणखी काहीतरी होतं. दोन बायका, कदाचित तीन, किंचित मागून, तीच ओळ. खोली लहान, फरशी गुळगुळीत, आवाज घुमतो. त्याने बोंडं काढली.

दुसऱ्या दिवशी सुविधा म्हणाली, "अवो, आई खाटीचे कडेक सरकतात."

"सरकतात म्हणजे? तिला सरकता येतं कुठे?"

"तेंच सांगतां. सकाळीं हांव मधें निजयतां. दनपारां येतां तर भिंतीकडेन. अर्दी खाट रिकामी." ती पदराला हात पुसत राहिली. "कोणाक तरी जागो केल्ल्यावरी."

"गादीला उतार आला असेल."

"दोनूय वटांनी? काल त्या कडेक आशिल्ल्यो, आज ह्या."

त्याने गादी उलटी करून घातली. उतार नव्हता.

आणि ते शब्द. *आमी. आमी गे हांगा.* आम्ही इथे आहोत. तेल चोळताना त्याने आईला विचारलंच, "आमी म्हणजे कोण गे, आई?" तिने त्याच्याकडे पाहिलं. प्रेमाने पाहिलं; नंतर त्याला हेच राहून राहून आठवायचं. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली, जशी आपण बोलणाऱ्याकडे बघताना थांबते.

मागे कपाट होतं. कपाटाच्या आरशात तो आणि आई.

५

रविवारी सकाळीच तो स्कूटर काढून निघाला. डिचोली, अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, मग धारगळवरून कोरगाव. काजू मोहरले होते. लक्ष्मी आपल्या भावाच्या घरामागे माडाच्या चुडतांचे हीर, केरसुणीच्या काड्या, काढत बसली होती. अंगाने काटकुळी, आवाज मात्र भरलेल्या घागरीसारखा.

"फणसगाळचो मरे तूं? सत्याचो किश्ना?" तिने सुरी खाली ठेवली. "बस रे पुता. चा घेतलो?"

भावाच्या सुनेने चहा आणि सकाळचे उंडे, गोल पाव, आणून दिले. कृष्णनाथने सगळं सांगितलं. गौरेशचं नाव निघताच म्हातारी हसली.

"बरो भुरगो. पूण तो म्हणटा गाणें पुराय जालें! अर्दें गाणें तें."

"अर्धं कसं?"

"धालोक दोन फांती रे. दोन रांगो. समोरासमोर." तिने हिराच्या दोन काड्या मातीवर समोरासमोर ठेवल्या. "ही विचारता, ती सांगता. हांव हे फांतीची मुखेल. माज्याच फांतीचें हांवें दिलें ताका. समोरचे फांतीचें म्हजें न्हय. दुसऱ्याचें कशें दितलें?"

"आई समोरच्या फांतीत होती?"

"म्हजे समोर. बरोबर समोर." ती काड्यांकडे पाहत राहिली. "ते फांतींतल्यो सगळ्यो गेल्यो. तुजी आवय तेवडी उरली."

 कृष्णनाथ आनंदला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. कोडं सुटलं होतं. आई आपली जुनी उत्तरं म्हणत होती. पन्नास वर्षांपूर्वी शिकलेली. विचारायला कोणी नव्हतं म्हणून ती गप्प होती.

"मावशे, अजून प्रश्न असतील ना? गौरेशकडे चारच आहेत."

"आसात. पूण ते विचारप न्हय."

"का?"

"मांड उठयतना, खेळ सोंपयतना, विचारतात ते. त्या वर्सा मांड उठलोच ना, पुता. अर्द्यार धांवलीं आमी. यंत्रां आयलीं." तिने चहाची बशी बाजूला सारली. "शेवटाक आमी विचारतालीं, तुमचे फांतींत कोण उणें गे? कोण दुयेंत, हांतरुणार पडिल्ली, कोण बाळंतीण, जी खेळूंक आयली ना. ती फांत तिचें नांव सांगताली. मागीर तिच्या घरा नारळ धाडटालीं. तिका सोडून मांड उठयनाशिल्ले."

नाव. कृष्णनाथने ते ऐकलं आणि बाकीचं सगळं त्याच्या कानामागे गेलं. नाव सांगायचा प्रश्न! आई पणटीचं उत्तर देते, विहिरीचं देते. हा प्रश्न ऐकला तर ती नाव उच्चारेल. ओठांना सवय आहे. एक नाव आलं की वाट मोकळी.

"तेवढा म्हणून दाखव, मावशे."

"ना."

"आईसाठी."

"तिचेच खातीर ना म्हणटां." लक्ष्मी आता त्याच्याकडे सरळ बघत होती. "ती फांत आतां खंय उबी आसा तें तुका खबर आसा? म्हाका ना. विचारलें जाल्यार ती सांगतली."

बातमीदाराची एक जुनी युक्ती असते. अधिकारी तोंड उघडत नसेल तर त्याच्यासमोर चुकीचा आकडा ठामपणे सांगायचा. माणसाला चूक ऐकवत नाही. तो दुरुस्त करतोच. कृष्णनाथने याच युक्तीवर अर्धी कारकीर्द काढली होती. त्याने खिशातला मोबाइल आवाज टिपतोय याची खात्री करून घेतली आणि मुद्दाम भलत्याच चालीत, गौरेशच्या चालीत, ती ओळ म्हटली.

"तशें न्हय रे!" लक्ष्मी फटकन म्हणाली, आणि तिच्या तोंडून ओळ निघून गेली. *तुमचे फांतींत कोण उणें गे?* लांब, उतरत जाणारी, शेवटी वर उचललेली. कोणी दूरच्या बांधावरून हाक मारावी तशी.

तिने हाताने तोंड दाबलं. काजूच्या बागेत एकही पाखरू ओरडत नव्हतं. कृष्णनाथच्या लक्षात आलं की म्हातारी वाट बघतेय. बरोबर एका ओळीएवढी वाट. मग तिने श्वास सोडला.

"बरें जालें," ती म्हणाली. "तांकां हांगांचें आयकूंक गेलें ना." आणि ती परत हीर काढू लागली.

६

घरी आल्यावर त्याने ते तीन दिवस वाजवलं नाही. कसली भीती, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. भीती वाटते म्हणून थांबलो, हे मान्य करायला त्याचा स्वभाव तयार नव्हता. 'लोकांच्या अंधश्रद्धेवर अग्रलेख लिहितोस,' तो स्वतःला म्हणाला, 'आणि एका ओळीला घाबरतोस?'

त्या तीन दिवसांत आईने एकदाही गाणं म्हटलं नाही. 'पणटी' लावलं तरी नाही. मोकळी जागा मोकळीच जायची. ती नुसती दाराकडे बघत पडून असायची. हुंकारही कमी झाला. सुविधा भरवायला गेली तर तोंड मिटून घ्यायची.

"पयलींपरस वायट जाता," सुविधा म्हणाली. "तुमी कितें केलें कोरगांवां?"

"काही नाही केलं."

पण त्याला वाटलं, हीच शेवटची संधी. उघडलेली वाट मिटत चालली होती.

गुरुवारी सुविधाने चहा ठेवला. कृष्णनाथने तेलाची वाटी बाजूला ठेवली, आईचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि मोबाइल तिच्या उशाशी धरला.

लक्ष्मीचा आवाज खोलीत आला. *तुमचे फांतींत कोण उणें गे?*

गिटार नव्हती, तार नव्हती. मोबाइलमध्ये फक्त कोरगावची ती शांतता, आणि खोलीत खोलीची. आईचे ओठ हलले नाहीत.  मग आवाज आला.

*सत्यवती.*

स्पष्ट. गोड. सुरात. 'नाव आलं!' हा पहिला विचार. तो आनंदाने ओरडणार होता. नंतर त्याला दिसलं की आईचं तोंड मिटलेलं आहे. आणि तो आवाज एकीचा नव्हता. भिंतीकडून, कपाटाकडून, खाटेच्या पायथ्याकडून, साध्या घरगुती बायकांच्या आवाजांत ते नाव आलं होतं. आजारी शेजारणीची चौकशी करावी इतक्या मायेने.

त्याच्या हातात तिचा डावा हात होता. दोन वर्षं ओल्या फडक्यासारखा लोंबणारा. त्या हाताने त्याची बोटं हळूच सोडवली.

"आयलें," आई म्हणाली.

बोलली ती. गाण्यात नव्हे, हाकेला ओ देतात तशी. झटक्यानंतरचा तिचा पहिला बोललेला शब्द, आणि तो कृष्णनाथसाठी नव्हता.

तो स्वयंपाकघराकडे धावला. भीतीने की आनंदाने, हे त्याने नंतर अनेकदा स्वतःला विचारलं. तोंडातून निघालं ते मात्र आनंदाचं होतं. "सुविधा! आई बोलली! सुविधा!"

सुविधा गाळणी हातात घेऊनच आली. खोलीच्या दाराला अर्धा पडदा होता. दोघं पडद्यापाशी पोचली आणि थांबली, कारण पडद्याखाली फरशीवर आईची पावलं टेकलेली दिसत होती. पूर्ण टाचा टेकून.

पडदा वाऱ्याने थोडा सरकला. आई पाठमोरी उभी होती. दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरलेले, कोपरात वाकलेले, माणसाच्या कंबरेएवढ्या उंचीवर. डावासुद्धा. कोणाच्या तरी पाठीमागून कंबर धरावी तसे; पण तिथे कोणी नव्हतं. आणि तिच्या स्वतःच्या कंबरेला, दोन्ही अंगांनी, लुगडं आत दबलं होतं. घट्ट. कोणी तरी तिलाही धरलं होतं. ती किंचित पुढे लवली, एक पाऊल मागे आली, पुन्हा लवली.

सुविधाच्या हातातली गाळणी पडली. पडदा परत जागेवर आला. कृष्णनाथने तो ओढला तेव्हा खोलीत खाट होती, कपाट होतं, कपाटाचा आरसा होता. गल्लीकडचं दार उघडं होतं. गल्लीत उन्हाशिवाय काही नव्हतं.

७

परशुराम नावाचा रखवालदार त्याच दिवशी बंद खाणीच्या फाटकावर होता. मूळचा चंदगडकडचा, गोव्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. धालो हा शब्द त्याने कधी ऐकलेला नव्हता. फणसगाळ नावाचा वाडा तिथे होता, हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कृष्णनाथ त्याला शोधत गेला नव्हता. संध्याकाळी तो नुसता, आशा म्हणून, आपल्या जुन्या वाड्याकडे गेला आणि फाटकावर मोबाइलमधला आईचा फोटो दाखवला.

"ही म्हातारी? व्हय की. मधी होती."

"मध्ये म्हणजे?"

"बायकांच्या मधी, सायेब. चारचा चहा घेत होतो मी. बायका आल्या, एकमेकींच्या कंबरंत हात घालून. एकामागं एक न्हवं, आडव्या. समदा रस्ता अडवून. गाणं म्हणत होत्या." परशुराम ओशाळून हसला. "मला वाटलं, तुमच्या गावची पूजा-बिजा असंल. बायकांना कसं अडवायचं? उघडलं फाटक."

साखळीहून तिथे गाडीने पोचायलासुद्धा अर्धा तास लागतो. चार वाजता. कृष्णनाथने ते गणित मनात केलं आणि बाजूला ठेवलं.

"चालत होती ती?"

"चालत म्हंजे? नाचतच होती की. लय खुशीत होती म्हातारी."

"आणि खाली कधी उतरल्या?"

परशुरामचं हसू मावळलं. त्याने डंपकडे पाहिलं. वर जायला रस्ता एकच होता आणि तो फाटकातूनच जायचा.

"उतरल्या न्हाईत अजून," तो म्हणाला.

८

पोलिसांनी आसपासच्या सगळ्या वाड्यांत विचारलं. त्या गुरुवारी कुठल्याही गावची बाई डंपवर गेली नव्हती. परशुरामने दारू प्यायली होती का, हे मात्र तीनदा विचारलं. तो पीत नाही. मग त्याची बदली झाली. कुठे, ते कंपनीच्या कचेरीत कोणाला माहीत नाही.

कृष्णनाथ पुन्हा कोरगावला गेला. लक्ष्मी रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खुशीत आशिल्ली सत्या?"

"हो. रखवालदार म्हणाला."

म्हातारीने मान हलवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. तिच्या डोळ्यांत हेवा होता असं त्याला वाटलं. पण तो खात्री देणार नाही.

डंपवर, सपाटीच्या बरोबर मध्ये, जिथे खाली कुठे तरी फणसगाळचा मांड पुरलेला आहे, तिथे पहिल्याच दिवशी एक जागा सापडली होती. तांबड्या दगडमातीत शेणाने सारवलेली लांबट पट्टी, दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतील एवढी. बायकांच्या बोटांचे अर्धगोल एकात एक उमटलेले. पंचनाम्यात 'ओले सारवण' असं लिहिलं आहे.

तिथे खोदा, असं कृष्णनाथ सगळीकडे सांगत फिरतो. माझी आई तिथे आहे की नाही, एवढंच बघा. खाण खातं म्हणतं, प्रकरण न्यायालयात आहे. कंपनी म्हणते, डंप अस्थिर आहे. खाली काय आहे ते उकरायला परवानगी मिळत नाही. वरून टाकायला मात्र तेव्हा कोणाची परवानगी लागली नव्हती. सुविधा त्याला म्हणते, "खणूं नकात. बायलांचें तें." त्या विषयावर ती याहून जास्त बोलत नाही.

वैशाखातली शिरगावची जत्रा झाली, निखाऱ्यांवरून चालणारे धोंड घरी परतले. उन्हाने डंपवरच्या दगडांना हात लावला तर चटका बसतो. गुरं वर चढत नाहीत. फाटकाला कुलूप आहे आणि दिवसरात्र नवे रखवालदार आहेत. कोणीही वर गेलेलं नाही, असं ते शपथेवर सांगतात.

कृष्णनाथ काल एका रखवालदाराला सोबत घेऊन वर जाऊन आला. सारवण ओलं होतं.

ते कोण सारवतं, हा प्रश्न त्याने तिथे मोठ्याने विचारला नाही.